बावीस टक्के, सात टक्के आणि पाऊण टक्का

सांगली बँक २००७ च्या एप्रिलमध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली तेव्हा गावात हळहळणारे पुष्कळ होते. १९१६ सालची बँक, गावाचं नाव लावणारी. हळहळणाऱ्यांपैकी काहींच्या कपाटात तिचे शेअरही होते. त्यांना अदलाबदलीत दर ९२५ शेअरमागे आयसीआयसीआय बँकेचे १०० शेअर मिळाले. आमचे आतोबा त्यांतलेच. त्यांच्याकडे ९२५ च्या किंचित वर होते. शंभर शेअर आले आणि उरलेल्या तुकड्याचे किरकोळ पैसे. पुढं २०१४ च्या डिसेंबरात दहा रुपये दर्शनी किमतीचा (कागदावर छापलेल्या किमतीचा) शेअर दोन रुपयांचा झाला आणि शंभराचे पाचशे झाले. २०१७ च्या जूनमध्ये दहाला एक बोनस मिळाला, पाचशेचे साडेपाचशे झाले. आतोबांनी यात स्वतःहून काही केलं नाही, ते गेल्यावर आत्यानंही केलं नाही. शेअर तिच्या नावावर डीमॅटमध्ये पडून होते आणि अलीकडे दर वर्षी गणपतीच्या आगेमागे पासबुकात लाभांशाची एक रक्कम उमटत होती, एवढंच.

हे सगळं उकरून काढायला कारण झाले शेजारचे काका. पतसंस्थेतून निवृत्त झालेले, शेअर बाजारात चांगले मुरलेले, आणि सल्ला द्यायला कुणी विचारायची वाट न बघणारे. "वहिनी, मला कोल इंडियावर वर्षाला बावीस टक्के सुटतात," असं ते आत्याला सांगून गेले. "तुमच्या त्या बँकेत काय ठेवलंय? विका आणि इकडं घाला की." आत्यानं मोबाईलवर आपल्या शेअरचं यील्ड, म्हणजे आजच्या भावावर वर्षाला किती टक्के लाभांश सुटतो ते, बघितलं तर ०.७८ टक्के. बावीस कुठं आणि पाऊण कुठं!

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत हिशेब लिहितो, त्यामुळं घरातले आकड्यांचे सगळे वाद फिरून माझ्याकडं येतात. आत्या निवृत्त शिक्षिका. तिनं कामही गृहपाठासारखंच नेमून दिलं. "तू सगळं कागदावर मांड. सांगोवांगीवर मी विकणार नाही, आणि आठवण म्हणून नुसती कवटाळूनही बसणार नाही."

सुरुवात पासबुकापासून केली, कारण आत्याच्या लेखी पासबुक म्हणजे शेवटचा शब्द. २०२३ ला जमा ४,४०० रुपये, २०२४ ला ४,९५०, २०२५ ला ६,०५०. यावरून तिनं काढलेला अर्थ असा, की दुसऱ्या वर्षी बँकेनं थोडं वाढवलं आणि तिसऱ्या वर्षी सढळ हातानं दिलं. प्रत्यक्षात उलटं घडलंय. बँकेचा लाभांश होता शेअरमागे अनुक्रमे आठ, दहा आणि अकरा रुपये. मोठी वाढ दुसऱ्या वर्षीची. ती पासबुकात दिसली नाही, कारण मधे टीडीएस, म्हणजे देतानाच कापून घेतलेला कर, आला.

१ एप्रिल २०२० पासून लाभांश घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो. त्याआधी कंपनीच वितरण कर भरायची आणि आपल्याला येणारी रक्कम करमुक्त असायची. नव्या पद्धतीत एका कंपनीकडून वर्षात ५,००० रुपयांच्या वर लाभांश गेला की दहा टक्के कापून उरलेले खात्यात यायचे. ५५० शेअरचे दहा रुपयांप्रमाणे झाले ५,५००, त्यातले ५५० कापले, पासबुकात ४,९५०. एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा १०,००० झाली, म्हणून २०२५ चे ६,०५० अख्खे आले. माझ्यावर कर बसत नाही, कापू नका असं लिहून देण्याचा १५एच फॉर्म वेळेवर दिला असता तर २०२४ लाही कापले गेले नसते. विवरणपत्र भरल्यावर ते ५५० परत मिळाले, पण ते दुसऱ्याच महिन्यात, दुसऱ्याच नावानं जमा झाले, त्यामुळं आत्याच्या हिशेबात त्यांचा लाभांशाशी संबंधच राहिला नव्हता. तेव्हा लाभांशाचा इतिहास बघायचा तर खात्यात काय आलं ते बाजूला ठेवायचं आणि कंपनीनं शेअरमागे काय जाहीर केलं ते घ्यायचं.

जुनी कागदपत्रं हाताशी असती तर हे आधीच लक्षात आलं असतं. पण गावभागातल्या घरात जुने कागद शोधायचे म्हणजे २०१९ च्या महापुराशी गाठ. त्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांच्या वर पातळी गाठली होती. खालच्या खोलीतल्या ट्रंकेतली पासबुकं, बँकेची पत्रं, आतोबांची वही, सगळ्याचा लगदा झाला. म्हणून मग इतिहास बाहेरून गोळा केला. एनएसई आणि बीएसई या शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर प्रत्येक कंपनीच्या नावाखाली लाभांश, बोनस, स्प्लिट (एका शेअरचे अनेक होणं) यांची तारीखवार यादी असते. ती घेतली आणि वार्षिक अहवालांशी ताडून बघितली. अ‍ॅपवरच्या तयार तक्त्यांवर मी विसंबलो नाही. काही तक्ते जुने आकडे बोनस-स्प्लिटप्रमाणे बदलून दाखवतात, काही जसेच्या तसे, आणि कुठला तक्ता कुठल्या पद्धतीचा हे लिहिलेलं नसतं.

जसेच्या तसे आकडे वाचले तर कसा घोटाळा होतो ते याच शेअरमध्ये बघा. २०१३-१४ चा लाभांश शेअरमागे २३ रुपये. २०१४-१५ चा ५ रुपये. बघणाऱ्याला वाटेल बँकेचं दिवाळंच निघालं. पण मधे एकाचे पाच शेअर झालेत. आतोबांना आधीच्या वर्षी शंभर शेअरवर २,३०० मिळाले आणि पुढच्या वर्षी पाचशेवर २,५००. म्हणजे वाढच. यावर मी अडतीतल्या सवयीनं सोपा मार्ग काढला. प्रत्येक जुना आकडा भागत बसण्यापेक्षा सांगली बँकेच्या मूळ ९२५ शेअरचा एक लॉट धरला, आणि त्या लॉटवर कुठल्या वर्षी किती रुपये सुटले एवढंच लिहीत गेलो. बोनस येवो, स्प्लिट होवो, लॉट तोच. हा रकाना आत्यालाही चटकन कळला.

टक्क्यांचीही एक गंमत इथंच सांगून टाकतो. आमच्याकडं पलूस, किर्लोस्करवाडी भागातल्या जुन्या कामगारांच्या घरी किर्लोस्कर ब्रदर्सचे शेअर असतात, आणि "यंदा साडेतीनशे टक्के लाभांश" असं अभिमानानं सांगितलं जातं. ते खोटं नाही. शेअरची दर्शनी किंमत दोन रुपये, २०२४-२५ चा लाभांश सात रुपये, म्हणजे ३५० टक्के. पण आम्ही हिशेब केला तेव्हा बाजारात तो शेअर दोन हजारांच्या आसपास मिळत होता. त्यावर सात रुपये म्हणजे ०.३५ टक्का. तेच सात रुपये. एकदा दोननं भागले, एकदा दोन हजारांनी. बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमानुसार आता नोंदणीकृत कंपन्यांना लाभांश शेअरमागे रुपयांतच जाहीर करावा लागतो. तरी दर्शनी किमतीच्या टक्क्यांत बोलायची जुनी सवय गेलेली नाही, बातम्यांचीही नाही.

तर लॉटचा रकाना. २००८ साली शेअरमागे ११ रुपये, लॉटला १,१००. २००९ ला तेवढेच, तिथून दर वर्षी थोडं थोडं वाढत २०१४ ला २,३००. २०१५ आणि २०१६ ला २,५००. मग घसरण. २०१७ ला पाचाचे अडीच झाले, २०१८ ला दीड, २०१९ ला एक रुपया. लॉटला अवघे ५५०. २०२० ला काहीच नाही. २०२१ ला दोन रुपये, म्हणजे लॉटला १,१००.

इथं आत्यानं चष्मा काढला. "म्हणजे तेरा वर्षांनी पुन्हा तिथंच?"

हो, तिथंच. माझ्या मते सगळ्या कागदात मोलाची जागा हीच. कारण यील्ड दाखवणारा आकडा फक्त शेवटच्या वर्षाचा असतो. ही तेरा वर्षं त्यात कुठंच नसतात. घसरण का झाली ते अहवालांत सापडतं. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांच्या कर्जांची कसून तपासणी केली, दडलेली थकीत कर्जं उघड्यावर आली, त्यांच्यासाठी नफ्यातून बाजूला काढायच्या तरतुदी वाढल्या. ही बँक त्यातून सुटली नाही. २०१८ च्या एप्रिल-जून तिमाहीत तिला सुमारे १२० कोटींचा तोटाही झाला. नफाच आटला तिथं लाभांश कुठून वाढणार?

२०२० चं शून्य मात्र वेगळ्या जातीचं. त्या एप्रिलमध्ये कोविडमुळं रिझर्व्ह बँकेनं सगळ्याच बँकांना २०१९-२० च्या नफ्यातून लाभांश द्यायला मनाई केली. तब्येतीनं ठणठणीत असलेल्या बँकांच्या रकान्यातही त्या वर्षी शून्यच आहे. काही जण "सलग दहा वर्षं न चुकता लाभांश" अशी चाळणी लावून कंपन्या निवडतात. त्या चाळणीतून भारतातली जवळजवळ प्रत्येक बँक गळून पडेल, आणि कारण कुणाला कळणार नाही. रिकामी जागा दिसली की त्या वर्षाचा अहवाल उघडायचा, मगच शेरा मारायचा.

२०२१ नंतरचं चित्र पुन्हा चढतं. पाच, आठ, दहा, अकरा. लॉटला २,७५०, ४,४००, ५,५००, ६,०५०. अठरा वर्षांची बेरीज अडतीस हजारांच्या आसपास येते, आणि त्यातले निम्म्याच्या थोडे वर शेवटच्या पाच वर्षांतले आहेत.

आता हे पैसे बँक कशातून देते? २०२४-२५ मध्ये तिचा स्वतंत्र (उपकंपन्या सोडून) नफा ४७,२२७ कोटी, शेअरमागे साधारण ६७ रुपये. त्यातले वाटले अकरा. म्हणजे सहा रुपयांतला एक आपल्या हातात येतो आणि पाच बँकेतच राहतात. त्याआधीच्या दोन वर्षांतही प्रमाण जवळपास हेच. मला हा आकडा यील्डपेक्षा जास्त बोलका वाटतो. उद्या एखादं वर्ष वाईट गेलं तरी अकरा रुपये द्यायला बँकेला ओढाताण करावी लागणार नाही. उलट बाजूनं, बँकेला भांडवल लागतं, कर्जं वाढवायची तर राखीव निधी वाढवावा लागतो, त्यामुळं हे प्रमाण एकाएकी वाढून नफ्याच्या निम्म्यावर जाईल अशी आशा धरण्यातही अर्थ नाही. आत्याचा पाऊण टक्का तिथून आलाय. बँक कंजूष आहे म्हणून नव्हे, तर ती पाच रुपये धंद्यात घालते आणि बाजारानं त्याची किंमत भावात आधीच धरलीय म्हणून.

आता काकांचे बावीस टक्के. आत्या म्हणाली, फेकतात ते. मी म्हटलं, तपासू. काका फेकत नव्हते. त्यांनी कोल इंडिया घेतला होता २०२० मध्ये, शंभर-सव्वाशेच्या मधे, जेव्हा कोळशाला भवितव्य नाही म्हणून तो शेअर कुणी हातात धरत नव्हतं. २०२४-२५ चा त्याचा लाभांश साडेसव्वीस रुपये. त्यांच्या १२० च्या खरेदीवर बावीस टक्के होतात, बरोबर आहे. २०२०-२१ पासून पुढच्या पाच वर्षांत त्यांना शेअरमागे १६, १७, २४.२५, २५.५० आणि २६.५० मिळाले. शंभराच्या वर झाले. म्हणजे घातलेली रक्कम जवळजवळ सगळी लाभांशातूनच वसूल. माणसाला बोलायचा हक्क आहे.

पण आत्याला तो शेअर १२० ला कोण देणार? आम्ही हा हिशेब केला त्या २०२५ च्या सप्टेंबरात भाव ३९० च्या आसपास होता. साडेसव्वीस भागिले तीनशे नव्वद, ६.८ टक्के. आत्यासाठी खरा आकडा तो. काकांचं २०२० मधलं धाडस आत्याला आज विकत मिळत नाही.

आणि काकांची पट्टी लावायची तर ती दोघांना लावूया म्हटलं. २००७ मध्ये शंभर शेअर मिळाले तेव्हा भाव साडेआठशे-नऊशेच्या दरम्यान होता. धरा ८८ हजारांचा ऐवज. त्यावर आज ६,०५० म्हणजे जवळपास सात टक्के! कोल इंडिया आज घेऊन जेवढं सुटेल तेवढं आत्याला जुन्या किमतीवर आधीच सुटतंय, शिवाय मूळ ८८ हजारांचे पावणेआठ लाख झालेत. हे ऐकून आत्या खूश झाली आणि विषय संपवायच्या बेतात आली. मीच थांबवलं. खरेदी किमतीवर काढलेलं यील्ड स्वतःची पाठ थोपटायला ठीक, निर्णयाला कुचकामी. आज तिच्याकडं पावणेआठ लाख आहेत. त्यांचं काय करायचं हा प्रश्न आजच्या भावानंच सोडवायला हवा.

मग कोल इंडियाचा इतिहास तसाच मांडला. हे काम सोपं गेलं, कारण २०१० च्या नोव्हेंबरात बाजारात आल्यापासून त्यात बोनस नाही, स्प्लिट नाही. आयपीओचा, म्हणजे लोकांना केलेल्या पहिल्या विक्रीचा, भाव २४५. पुढं लाभांश असे: २०१२-१३ ला १४, २०१३-१४ ला एकदम २९, मग २०.७०, २७.४०, १९.९०, १६.५०, १३.१०, आणि २०१९-२० ला १२. चढण आणि उतार दोन्ही दणकट. २०१४ च्या जानेवारीतले ते २९ रुपये कंपनीच्या भरभराटीचे म्हणून वाचू नयेत. सरकार मोठा भागीदार आहे आणि त्या वर्षी तुटीची तोंडमिळवणी चालली होती. सरकारी कंपन्यांना लाभांशाचा किमान दंडकच आहे: नफ्याच्या ३० टक्के किंवा नेटवर्थच्या (देणी वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेच्या) ४ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. २०२४ पर्यंत दुसरा आकडा ५ टक्के होता. तेव्हा देणाऱ्याची इच्छा आणि घेणाऱ्याची गरज इथं एकाच टेबलावर बसतात.

पेआउट, म्हणजे नफ्यातला वाटलेला भाग, बघितलं तर २०२४-२५ ला शेअरमागे नफा ५७ रुपयांच्या वर, वाटले साडेसव्वीस. निम्म्याहून कमी. म्हणजे ओढूनताणून दिलेला लाभांश नाही, हे कबूल करायला हवं. काकांची निवड वाईट नाही. फक्त त्यातलं उत्पन्न पेन्शनसारखं स्थिर नाही. २०१५-१६ च्या २७.४० चे चार वर्षांत बारा झाले होते, आणि त्याच काळात भावही निम्म्याखाली आला होता.

यील्ड मोठं दिसण्याचं दुसरं टोकही आत्याला दाखवलं, कारण अ‍ॅपवर "जास्त यील्ड" असं शोधलं की तसलीच नावं वर येतात. वेदांतानं २०२२-२३ मध्ये पाच हप्त्यांत मिळून शेअरमागे १०१ रुपये ५० पैसे वाटले. मार्च २०२३ अखेर भाव पावणेतीनशेच्या घरात. पडद्यावर यील्ड ३५ टक्क्यांच्या पुढं. त्या वर्षी भागधारकांच्या वाट्याचा नफा साडेदहा हजार कोटींच्या आसपास आणि वाटलेला लाभांश सदतीस हजार कोटींच्या वर. लंडनच्या मूळ कंपनीला कर्जफेडीसाठी पैसा हवा होता आणि जवळपास सत्तर टक्के हिस्सा तिचाच होता. पुढच्या वर्षी लाभांश साडेएकोणतीस. आत्याला हे समजावायला ताळेबंद काढावा लागला नाही. निवडणुकीच्या वर्षी एखादा साखर कारखाना कर्ज उचलून भरमसाट ऊसदर देतो आणि पुढच्या हंगामात पहिल्या हप्त्यालाच टोलवाटोलवी करतो, हे आमच्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ती लगेच म्हणाली, "मग दर ऐकून ऊस घालायचा नाही."

एवढं झाल्यावर अदलाबदलीचं गणित कागदावर आलं. ५५० शेअर, भाव १,४०० धरला, ७,७०,००० रुपये. विकले तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर. खरेदी किंमत म्हणून ३१ जानेवारी २०१८ चा भाव धरता येतो, तो साडेतीनशेच्या आसपास. शेअरमागे नफा १,०५० रुपये, एकूण ५,७७,५००. त्यातले सव्वा लाख माफ, उरलेल्यावर साडेबारा टक्के आणि वर उपकर. साधारण ५८-५९ हजार. आत्याची पेन्शन आणि ठेवींचं व्याज मिळून मूळ सवलत संपलेली असते, आणि या नफ्याला रिबेटही (कमी उत्पन्नावरचा कर माफ करणारी सूट) लागू नाही, त्यामुळं कर चुकत नाही.

म्हणजे हातात ७,११,००० रुपये. त्यात ३९० च्या भावानं कोल इंडियाचे १,८२३ शेअर येतील, वर्षाला लाभांश ४८,३०० च्या आसपास. अदलाबदल करण्याचा कर त्याहून जास्त! पहिल्या वर्षाचा लाभांश पूर्ण सरकारजमा झाल्यावर आत्याची कमाई सुरू होणार, तीही लाभांश घटला नाही तर.

आणि नियमित पैसाच हवा असेल, तर तेच ७,११,००० पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर ८.२ टक्क्यांनी वर्षाला ५८ हजारांच्या वर, दर तिमाहीला, भावाची धाकधूक नाही. काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "पण त्यात भाव वाढत नाही ना!" बरोबर. पण मग भाव वाढणाराच हवा असेल तर आत्याकडं आधीच आहे की. एकदा भाववाढ हवी, एकदा उत्पन्न हवं, आणि दोन्ही वेळा उत्तर कोल इंडियाच, असं चालायचं नाही.

काकांचा आणखी एक तोडगा होता: लाभांशाच्या तारखेच्या आदल्या दिवशी घ्यायचा, दुसऱ्या दिवशी विकायचा. २०२३ च्या जानेवारीपासून सौदे दुसऱ्याच दिवशी पुरे होतात, त्यामुळं एक्स-डेट (जिच्यापासून नव्यानं घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही) आणि रेकॉर्ड डेट (जिच्या यादीवरून लाभांश कुणाला ते ठरतं) बहुतेक एकच असते. त्याच्या आधीच्या कामाच्या दिवशी शेअर घेतलेला असला की लाभांश मिळतो, हे खरं. पण एक्स-डेटला भाव साधारण तेवढाच खाली उघडतो. लाभांशावर आपल्या टप्प्याप्रमाणे कर, जाता-येता दलाली. यावर मी जास्त वेळ घालवला नाही.

शेवटी आत्याला विचारलं, तुला दर वर्षी या शेअरमधून किती पैसे लागतात? तिनं बराच विचार केला. लागत नाहीत, म्हणाली. पण घराच्या मागच्या बाजूचं पत्र्याचं छप्पर बदलायचंय, आणि दर दोन-तीन वर्षांनी असं काही निघतंच. मग तिच्यासाठी यील्डचा प्रश्न उरतच नाही. शंभर शेअर विकले तर १,४०,००० रुपये हातात, नफा १,०५,०००, सव्वा लाखाच्या आत, कर शून्य. उरलेले साडेचारशे आपापलं काम करत राहतील. पुढच्या आर्थिक वर्षात गरज लागली तर पुन्हा सव्वा लाखाची सवलत आहेच. हे शंभर शेअर मार्च २०२६ च्या आत विकायचे ठरले. बँकेचं नाव निघालं की तिचा आवाज अजून जरा बदलतो, पण शंभर विकायला तिनं का-कू केलं नाही.

जाता जाता इन्व्हेस्टर एज्युकेशन अँड प्रोटेक्शन फंडाच्या संकेतस्थळावर आतोबांचं नाव घालून बघितलं. सात वर्षं न वटवलेला लाभांश तिकडं जातो, आणि सलग सात वर्षांचा राहिला तर शेअरसुद्धा जातात. त्यांचं काही निघालं नाही. व्यवस्थित माणूस.

आता काका स्वतःची वही घेऊन आलेत. त्यात कंपनीचं नाव, लाभांश, आणि पुढं एका शब्दात शेरा. आयटीसीपुढं लिहिलंय: २०१५-१६ ला ८.५०, २०१६-१७ ला ४.७५, "घट". मी त्यांना विचारलं, २०१६ च्या जुलैत काय झालं होतं? त्यांना आठवलं, दोनाला एक बोनस. ८.५० मधले दोन रुपये विशेष लाभांश होता, तो एकदाचाच. राहिले साडेसहा. दोनाचे तीन शेअर झाल्यावर साडेसहाचे आजच्या एका शेअरला होतात ४.३३. त्यापुढं ४.७५. काकांनी शेरा खोडला, वर "वाढ" लिहिलं आणि पान उलटलं. पुढं एक ११ टक्के यील्डवाली कंपनी आहे. तिनं गेल्या वर्षी जमीन विकली होती का, एवढं आधी बघायचंय.